तांडा कुठे निघाला?

“ए पाहुणी, तू नको! आम्ही दोघंच पुरे!” मोठा ओरडला आणि धाकट्याला घेऊन त्याने अंगणात धूम ठोकली.

पाहुणी! टिल्लीला या नावाची मनस्वी चीड होती. आई-बाबा नव्या गावी कामावर रुजू व्हायला गेलेले, म्हणून सुट्टीभर ती मावशीकडे आलेली. आईचा फोन आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता येतच नव्हता. आणि हे दोघे मावसभाऊ म्हणजे गूळ आणि मुंगळा! तिसऱ्याला शिरकाव म्हणून नाही.

मावशी घराशेजारच्या संग्रहालयात कामाला होती. मग काय, टिल्ली तिच्या मागे तिथेच बसून राहायची. उद्या तिथे प्रदर्शन उघडणार होतं. जुन्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे माल घेऊन दूरदेशी निघायचे. त्यांच्या सोबतीने भिक्षूही जायचे आणि बुद्धांची शिकवण गावोगाव पोचायची, त्याचं प्रदर्शन. एका मोडलेल्या स्तूपाच्या गोल भिंतीवरचे चार कोरीव दगड ओळीने लावले होते. डावीकडे विहारात जेवायला बसलेली पंगत, तिच्यात एक जागा रिकामी. मग बैलगाड्यांचा तांडा आणि त्यात एक भिक्षू. मग व्यापारी त्याला अन्न देताहेत. शेवटी झाडाखाली तोच भिक्षू, एकटा. खाली पाटी होती, ‘तांड्याने मागे सोडलेला भिक्षू’.

टिल्लीने पाटी पुन्हा वाचली. सोडून गेले? इतकं चांगलं वागून?

तेवढ्यात टप्पे खात चेंडू आत आला, मागोमाग धाकटा. “आईला सांगू नकोस हं!”

“नाही सांगत. पण हे बघ, तांडा विहारातून निघालाय ना? मग बैलांची तोंडं विहाराकडेच कशी?”

धाकट्याने डोळे बारीक केले. “अरेच्चा! बैल काय मागे मागे चालतात? दादा, लवकर ये!”

मोठा आला, त्याने पाहिलं आणि डोकं खाजवलं. टिल्ली म्हणाली, “मावशी सांगत होती, स्तूप उजव्या हाताला ठेवून फेरी घालतात. आपण फिरून बघायचं का?”

पुढे नुसती धमाल! प्रदर्शनाच्या पत्रकावरची दगडांची चित्रं कापली आणि भिंतीवरच्याच क्रमाने अंगणातल्या पिंपाभोवती बाहेरून चिकटवली. एवढ्यात मावशीबरोबर संग्रहालयाचे साहेब आले.

“हा काय पोरखेळ?”

“साहेब, एकच चक्कर!” मोठा लाडात आला. “झाडाच्या चित्रापासून निघा. पिंप उजव्या हाताला!”

“आम्ही इतकी वर्षं काय झोपा काढल्या?” साहेब कुरकुरत निघाले. “हं, झाडाखाली एकटा भिक्षू. मग व्यापारी भेटतात, खायला देतात. मग तो तांड्याबरोबर... आणि मग...” ते विहाराच्या चित्रापाशी थबकले. “अरे देवा! आपण अख्खी गोष्ट उलटी वाचली की!”

“म्हणजे त्याला कुणी सोडलं नाही,” टिल्ली म्हणाली. “तो आधी एकटा होता. नंतर नाही.”

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास, पोरी! उद्या सगळ्या गावासमोर माझी फजिती झाली असती.” मावशीने तर तिला जवळच ओढलं. “आता शेवटच्या दगडाखाली काय लिहू, तूच सांग.”

टिल्लीने पंगतीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सकाळी तिला वाटलं होतं, इथून कुणीतरी उठून गेलंय.

“लिही, ही जागा त्याच्यासाठी ठेवलीय.”

संध्याकाळीही आईचा फोन आला नाही. जेवायची हाक आली तेव्हा टिल्ली फोनपाशीच बसून होती. तिला खूप एकटं वाटत होतं. डोळे पुसून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. बाकावर दोघे भाऊ नेहमीसारखे हातपाय पसरून बसले होते.

मोठ्याने धाकट्याला कोपराने ढकललं आणि स्वतःही सरकला.

“टिल्ले, ये ना! आम्ही थांबलोय कधीचे.”