दीड तासाचं जड पाणी

सकाळचे नऊ वाजत आले होते. मावशीच्या कचेरीचं दार धाडकन उघडलं आणि आधी एक भला मोठा पाना आत आला. पाना हातात धरलेला फिटर त्याच्या मागोमाग.

"मावशी, मला वाचवा! एक तर माझं यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर ती माणसं."

मावशीने वीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. निवृत्तीनंतर तिने खासगी तपासाची पाटी लावली. सगळं गाव तिला मावशीच म्हणे. खरा भाचा मात्र एकच, आणि तो समोरच्या टेबलाशी पेन्सिलींना टोकं काढत बसला होता. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, स्वभाव गरीब. मावशीच्या मते त्याचं डोकं चांगलं होतं, फक्त तापायला वेळ घेत असे.

"पाना खाली ठेवा, मग बोला," मावशी म्हणाली.

फिटरने पाना मांडीवर घेतला. गेल्या रविवारी त्याने एका घरात अख्ख्या घराचं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवली होती. घराला बोअरचं पाणी. इतकं जड, की नळांच्या तोट्यांवर पांढरी पुटं चढलेली आणि साबणाला फेस म्हणून येत नव्हता.

"आधी गाळ अडवणारी गाळणी, मग कोळशाची, मग मऊ करणारी टाकी. तिच्यातल्या बारीक मण्यांना पाण्यातले क्षार चिकटतात. रोज रात्री दोनला यंत्र ते मणी मिठाच्या पाण्याने धुऊन काढतं. दीड तास लागतो. तेवढ्या वेळात घरात कच्चं, जड पाणी जातं, पण तेव्हा कोण नळ सोडतंय?"

"मग तक्रार काय?"

"पाणी मधूनच जड येतं म्हणतात. मी धावत जातो, बाटलीत साबण घालून हलवतो, तर हा एवढा फेस! घरातल्या सासूबाई म्हणतात, हा माणूस हातचलाखी करतो. आज संध्याकाळपर्यंत यंत्र काढून न्यायला सांगितलंय. त्यांचं ऐकून आणखी दोघांनी माझं काम थांबवलं."

भाच्याचं डोकं एकदम तापलं. "कोणीतरी बाजूचा नळ फिरवत असेल! म्हणजे टाकीला वळसा घालून पाणी थेट घरात."

"ती दांडी मी गुरुवारीच तारेने बांधली, वर सील ठोकलं. सील शाबूत आहे."

भाचा पुन्हा पेन्सिलीकडे वळला.

"चला," म्हणत मावशीने छत्रीसारखी मोठी पर्स उचलली.

ते पोचले तेव्हा दहा वाजले होते. दार सुनेने उघडलं. यंत्र काढताना हजर राहायचं म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने रजा घेतली होती. यंत्राचा हट्ट मुळात तिचा. त्यामुळे आठवडाभर घरात सासू-सून एकमेकींशी फक्त नवऱ्यामार्फत बोलत होत्या, आणि तो बिचारा मधल्यामध्ये तारघर झाला होता.

"मी सगळं लिहून ठेवलंय," म्हणत सुनेने फ्रिजवरचा कागद काढला. "बुधवारपर्यंत छान होतं. गुरुवारी सकाळी साडेसहाला यांच्या दाढीच्या साबणाला फेस येईना. शुक्रवारी आठला माझी भांडी चिकट. शनिवारी साडेनऊला कपडे. काल अकराला आईंचे केस."

"माझ्या केसांची दोरी झाली, दोरी!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आई म्हणतेय की..." सासूबाईंच्या मुलाने सुरुवात केली.

"ऐकलं मी," सून म्हणाली.

"आठवड्यात वीज गेली होती का?" मावशीने विचारलं.

"एकदाही नाही. गेली की ओव्हनवरचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकतं, मलाच परत लावावं लागतं. ते बघा, बरोबर चालतंय."

यंत्र मागच्या खोलीत होतं. कपडे धुण्याची ती अरुंद खोली. भिंतीला लागून दोन गाळण्या, निळी उंच टाकी, शेजारी मिठाचं पिंप. खोलीत विजेचा एकच प्लग होता, तोही टाकीच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. भाचा कसाबसा वाकला आणि उठताना त्याने पिंपाचा आधार घेतला.

"सील आहे," तो धापा टाकत म्हणाला. "यंत्राची वायर प्लगला लावलेली आहे. वर झाकणाखाली चोवीस तासांचं घड्याळ दिसतंय. अर्धी तबकडी पांढरी, अर्धी काळी. काटा काळ्या अर्ध्यात, अकरा आणि बाराच्या मध्ये. पण त्याचं काय, प्रत्येक घरात एक तरी घड्याळ चुकलेलंच असतं."

मावशीने फक्त "हं" केलं.

खिडकीपाशी स्टुलावर सासरे पेपर वाचत बसले होते. उकडत असूनही डोक्यावर कानटोपी. सदऱ्याच्या खिशातून काळ्या दोरीसारखं काहीतरी लोंबत होतं. बुटाची नाडी कोणी खिशात का ठेवावी, असा प्रश्न भाच्याला पडला, आणि लगेच विरूनही गेला.

"बाबांना ऐकू येत नाही," सून म्हणाली. "चार वर्षं झाली. मशीन घ्या म्हटलं की चिडतात."

मावशी जवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला पाणी कसं वाटतं?"

"नाणी?" सासऱ्यांनी मान हलवली. "नाही हो, मी तिकिटं जमवायचो."

"यंत्र! यंत्र!"

"पत्र? कोणाचं आलं?"

"यांच्याकडून काही हाती लागणार नाही," भाचा पुटपुटला. सासरे पुन्हा पेपरात शिरले. भाचा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्यांचा उजवा पाय हलत होता, संथ, एका लयीत. म्हाताऱ्या माणसांच्या पायांना असा चाळा असतोच. पलीकडे स्वयंपाकघरात सासूबाई बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत भांडी घासत होत्या. मावशी तिकडे गेली, तशी गुणगुण थांबली. पायाचा चाळाही थांबला.

"तुम्हाला हे यंत्र नकोच होतं ना?" मावशीचा प्रश्न ऐकू आला.

"नव्हतंच," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "पण म्हणून मी बिघडवलं असं वाटत असेल तर माझे गुडघे बघा. मला खाली वाकता आलं असतं तर पलंगाखालची चप्पल काढायला मी यांना हाका मारल्या असत्या? हाका मारून उपयोग तरी काय! आणि आठ दिवस झाले, ती कानटोपी अंगाला चिकटल्यासारखी घालून बसलेत. विचारलं तर म्हणतात, वारा लागतो. या उकाड्यात!"

"दुपारी तुम्ही काय करता?"

"जेवून दोन तास झोपते. चोरी आहे का?"

मुलाची पाळी आली तेव्हा त्याने हात जोडले. "मला फक्त घरात शांतता हवीय. पाणी जड असो, हलकं असो, मी बाहेर दाढी करून येईन."

मावशीने सुनेचा कागद पुन्हा वाचला आणि भाच्याची एक पेन्सिल घेऊन त्याखाली एक ओळ लिहिली. मग म्हणाली, "आता आपण साडेबारापर्यंत थांबू. तोवर नळ सोडू नका."

"साडेबाराला काय होणार?" फिटरने विचारलं.

"तुमची अब्रू परत येणार. तुम्हाला लाजवून येईल, पण येईल."

बारा वाजता मावशीने बाटली भरली, साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि हलवली. बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. फिटरने सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. सासूबाईंनी नाक मुरडलं.

साडेबाराला टाकीतून खट् असा आवाज आला. मागच्या पाइपातून पाणी खळखळत गटारात जाऊ लागलं. मावशीने थोडा वेळ नळ वाहू दिला, मग दुसरी बाटली भरली. फेस नाही. पाण्यावर नुसता दह्यासारखा पांढरट चोथा तरंगू लागला.

"बघा!" सासूबाई ओरडल्या.

फिटर डोळे फाडून टाकीकडे बघत राहिला. "हे तर मणी धुतंय! भर दुपारी!"

"तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे दोन वाजलेत," मावशी म्हणाली. "तुम्ही चार वेळा आलात, प्रत्येक वेळी पाणी तपासलंत. घड्याळ एकदा तरी बघितलंत?"

फिटरचे कान लाल झाले. "मीच लावलं होतं. परत काय बघायचं, असं वाटलं."

मावशी मिठाच्या पिंपावर बसली.

"सूनबाईंचा कागद वाचा. साडेसहा, आठ, साडेनऊ, अकरा. जड पाणी रोज बरोबर दीड तास उशिरा येतंय. भांडखोर माणूस इतका वक्तशीर नसतो, मग तो सासू असो की सून. म्हणजे घड्याळ रोज दीड तास मागे पडतंय. पण घड्याळ बिघडलं तर ते दिवसभर थोडं थोडं मागे पडेल, नाहीतर बंदच पडेल. भाच्याने सकाळी दहाला पाहिलं तेव्हा काटा काळ्या अर्ध्यात, म्हणजे रात्रीच्या साडेअकरावर होता. नेमका साडेदहा तास मागे. सोमवार ते रविवार सात दिवस, रोज दीड तास. पक्का हिशोब. असं ठरावीक तुकड्यांनी मागे पडायचं म्हणजे ते रोज तेवढाच वेळ थांबत होतं."

"वीज!" भाचा म्हणाला.

"वीज गेली असती तर ओव्हनचं घड्याळ लुकलुकलं असतं. वीज फक्त या यंत्राचीच जात होती. कोणीतरी रोज याची वायर काढून त्या जागी दुसरं काहीतरी दीड तास लावत होतं. यंत्राशी त्या माणसाचं वैर नव्हतं. त्याला नुसता प्लग हवा होता, आणि तोही जिथे कोणाची नजर जाणार नाही असा."

सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. सासरे शांतपणे पेपर वाचत होते.

"सासूबाईंना वाकता येत नाही. मुलाला आणि सुनेला लपून काही लावायचं असतं तर आपल्या खोलीचं दार बंद करून तिथेच लावता आलं असतं." मावशीचा आवाज हळूहळू खाली येत होता. "राहिला तो माणूस, जो सगळं घर झोपलं की इथे बसतो. ज्याच्या खिशातून वायर लोंबते. जो आठ दिवस कान झाकून ठेवतो. आणि ज्याचा पाय पलीकडच्या गुणगुणण्यावर ताल धरतो, गुणगुण थांबली की थांबतो." आता ती जवळजवळ कुजबुजत होती. "आणि ज्याच्या कानटोपीवर या क्षणी एक भला मोठा कोळी चढतोय."

सासऱ्यांनी पेपर फेकला आणि दोन्ही हातांनी टोपी उपटून झटकली.

कोळी नव्हता. दोन्ही कानांमागे मात्र वालाच्या दाण्याएवढी दोन करडी यंत्रं होती.

"अहो!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येतं?"

"आठ दिवस झाले." सासऱ्यांनी खिशातून छोटी डबी आणि तिची वायर काढून स्टुलावर ठेवली. "वाचनालयात जातो सांगून डॉक्टरांकडे जाऊन आणली. रोज दीड तास चार्ज करावी लागतात. हा प्लग यंत्राचा आहे हे मला दिसत होतं, पण दीड तासाने त्याचं काय बिघडणार असं वाटलं."

मुलगा आणि सून दोघंही आठवडाभरात आपण काय काय बोललो ते आठवू लागले. दोघांचेही चेहरे उतरत चालले.

"म्हणजे मी परवा ताईला फोनवर सांगत होते..." सासूबाई चाचरल्या.

"ऐकलं. घोरण्याचं तू जरा वाढवून सांगितलंस."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? चार वर्षं घसा फोडतेय मी!"

सासऱ्यांनी टोपीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"तू काम करताना गुणगुणतेस," ते म्हणाले. "कोणी ऐकतंय असं कळलं की गप्प होतेस. लग्न झाल्यापासून हेच. कान चांगले होते तेव्हा मी दिवसभर कामावर. घरी बसायला लागलो तोवर कान गेले. पहिल्यांदा ही यंत्रं लावून घरी आलो आणि दारातच उभा राहिलो. आत तू गात होतीस. सांगितलं असतं तर बंद केलं असतंस. म्हटलं, अजून थोडे दिवस ऐकून घेऊ. तू दुपारी झोपलीस की मग कान काढून ठेवायचो. तेव्हा घरात ऐकण्यासारखं काही नसतं."

भाच्याने घाईघाईने रुमाल काढला आणि मिठाची धूळ डोळ्यांत गेल्याचं जाहीर केलं.

सासूबाईंनी नवऱ्याचे दोन्ही कान नीट न्याहाळले. मग सुनेकडे वळून आठ दिवसांत पहिल्यांदाच थेट म्हणाल्या, "तुझं यंत्र चांगलं होतं ग. उगाच बोलले मी."

"राहू द्या, आई," सून म्हणाली. "दोरीसारखे केस कोणालाही राग आणतील."

मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची तारघरातली नोकरी संपली होती.

फिटर गुडघ्यांवर बसला आणि त्याने काटा आत्ताच्या वेळेवर आणला. मग उभा राहून पाना खांद्यावर टाकत म्हणाला, "मावशी, यांच्यासाठी एक वेगळा प्लग आजच बसवून देतो. सांगा आजोबा, कुठे बसवू? तुमच्या पलंगाशेजारी?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर सासूबाईंनी दिलं.

"पलंगाशेजारी कशाला? स्वयंपाकघरात बसवा. माझ्या ओट्याच्या बाजूला." त्या पदर खोचत आत निघाल्या आणि दारात थांबल्या. "आणि बाजूला एक खुर्ची मावेल एवढी जागा सोडा."