शेवटच्या भागातली साखरबाई

साखरबाई ढवळे हिनं खून केला. सुऱ्यानं केला, सुऱ्याच्या टोकाला मयताचा डोळा होता, आणि हे सत्तर माणसांनी एकाच अंगणात, एकाच वेळी, आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. प्रकरण संपलं.

वरचा परिच्छेद कुणी वाचलाच नाही, असं धरून चालू.

मार्च १९९६ मधला गुरुवार. बारामतीच्या एसटी स्टँडासमोर संभाजी जगतापाचा एसटीडी बूथ होता आणि बूथमागच्या खोलीत बुद्धघोष साबळे बसत. दारावर पाटी होती : ‘खाजगी तपास. विवाहपूर्व चौकशी. गुप्तता पाळली जाईल.’ खोलीतलं सगळं बूथमध्ये ऐकू येई, आणि संभाजी ते कुणाला सांगत नसे. गुप्तता ती एवढीच.

संभाजीला गोष्टी उशिरा कळत, पण एकदा कळल्या की तो विसरत नसे. बहुतेक चुकीच्या कळलेल्या असत, ही गोष्ट वेगळी.

दारात एक माणूस टोपी हातात धरून उभा राहिला. “भिमा ढवळे. कोरडेवाडी, तालुका इंदापूर. माझ्या बायकूनं खून केलाय, असं गावाचं मत हाय.”

“आणि तुमचं?” बुद्धघोषांनी विचारलं.

“माझं तसं न्हाय. पण मी अल्पमतात हाय.”

“खून कुणाचा?”

“बंगल्यातल्या जहागीरदाराचा.”

“कुठल्या बंगल्यातल्या?”

“टीव्हीतल्या.”

संभाजीनं हातातला फोन खाली ठेवला. पलीकडून कुणीतरी बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिलं.

‘तेरावं दार’ ही मालिका तेरा रविवार चालली होती. साडेसात ते आठ रस्ते ओस पडत. शेवटच्या भागात इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं आणि म्हणाला, “खुनी याच खोलीत आहे. त्याचं नाव...” तेवढ्यात दिवा गेला. मग दिवा आला. इन्स्पेक्टरनं एकेकाकडे निरखून पाहिलं, छत्री उचलली आणि तो निघून गेला. समाप्त. बारामतीत त्या दिवसापासून चार पक्ष पडले होते. संभाजी डॉक्टरच्या पक्षात होता.

“आमच्याकडं छत्रीबित्री न्हाय,” भिमा म्हणाला. “दिवा गेला, पडद्यावर मुंग्या आल्या, आन् मग आमची ही. हातात सुरा. रडत व्हती म्हणं.”

“तुम्ही पाहिलं?”

“न्हाय. तिच्याकडं जबाब मागितलाय, ह्यो बघा.” त्यानं खिशातून कागद काढला. ग्रामसेवकाची नोटीस होती. अंगणवाडीच्या मदतनीस सौ. साखरबाई यांनी दूरदर्शनवरील खुनाबाबत शनिवारपर्यंत लेखी खुलासा करावा. अन्यथा त्यांच्या जागी दुसरी बाई घेण्याची शिफारस करण्यात येईल.

“चाळीस पोरं व्हती पंगतीला,” भिमा म्हणाला. “मंगळवारपास्नं एक येईना. अकरा वरसं शिजवतीय ती. काय बोलंना, जेवंना. साहेब, शनिवारनंतर ती घरात बसली तर पुन्हा उठायची न्हाय.”

बुद्धघोषांनी नोटीस दोनदा वाचली. “संभाजीराव, राजदूत फटफटी काढा.”

*

कोरडेवाडी नरसिंहपूरच्या रस्त्याला आहे. उसातून वाट जाते आणि कुठं पोचेल असं वाटत नाही. पोचल्यावरही तसंच वाटतं.

अंगणवाडीत साखरबाई भरल्या पातेल्याशेजारी बसली होती. लापशीवर साय धरली होती. भिंतीवरच्या ससा-कासवाकडे ती बघत होती, आणि त्या दोघांपैकीही कुणी पुढं सरकत नव्हतं.

“बाई, तुम्ही तो भाग पाहिला?”

“न्हाय. धार काढत व्हते.” ती बोलली तेव्हा पुढचा एक दात नसलेला दिसला. संभाजीची नजर तिनं ओळखली. “म्हशीनं लाथ घातली, गेल्या दिवाळीत.”

“लोकांना तुम्ही काही विचारलंत?”

“येकच. मागं वाजंत्री वाजत व्हती का.”

“काय म्हणाले?”

“व्हती म्हणले.” तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. “ऱ्हाऊ द्या सायेब. एक दात गेला, तसं हे बी जाईल. तुमी परत जावा.”

बाहेर येताच संभाजी कुजबुजला, “सर, निर्दोष माणूस तपास नको म्हणत नाही.”

“बरोबर,” बुद्धघोष म्हणाले. “म्हणूनच ती निर्दोष आहे.”

संभाजीनं हे वाक्य पुढं कधीतरी कामाला येईल म्हणून लक्षात ठेवलं.

पिठाची गिरणी शकुबाईची. आपल्या सुनेला अंगणवाडीत लावायचं असं ती दोन वर्षं म्हणत होती, आणि पीठ भुवयांवर बसल्यामुळे तिचा राग म्हातारा दिसे.

“सोमवारी सांजच्याला बघितलं की सगळ्यांनी! रविवारी अख्खी वाडी वऱ्हाडात व्हती, कऱ्हाटीला. आबासायेब तेवढे घरी. त्यांनी मशिनीत भरून ठिवलं आन् सोमवारी अंगणात लावलं.”

“तुम्ही वऱ्हाडात नव्हता?”

“माणसं परतायच्या आत दळणं उरकायची व्हती. उरकतात कुठली! आठाला पाच कमी आन् लाईट गेली, ती धाला आली. अर्धी पायली बाजरी जात्यात.”

“साखरबाई नीट दिसली?”

“ह्या हितं तुमी दिसताय तशी. दोनी दात झळकत व्हते.”

“तिला तर एक नाही.”

“टीव्हीवाले लावत्यात की.” शकुबाईला उत्तर तयार होतं. “सुऱ्याच्या टोकाला गोल, पांढरं. डोळा! आमच्या सुनंला तिथंच उलटी झाली. मग आबासायबांनी खाटकन् बंद केलं, म्हणले संपलं. त्यांना बी भ्या वाटलं आसंल. पयल्यापास्नं उभंच व्हते बटनावर हात ठिवून. बसाच म्हणलं, तर बसंनात.”

“सीरियल खोटी असते, ठाऊक आहे ना?”

“ठावं हाय की! पर उगं कुणाचं तोंड घालतील का ते? माझं का न्हाय घातलं?”

बुद्धघोष पीठ झटकत बाहेर पडले.

*

आबासाहेबांच्या ओसरीवर लाकडी दारं असलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि त्याच्यावर नवाकोरा व्हीसीआर. म्हणजे फाटक्या धोतरावर कोट. आबासाहेब साठीचे, दाढी वाढलेली. ते पाहुण्यांशी बोलत, पण बघत जमिनीकडे.

“कॅसेट मशिनीनं खाल्ली,” ते म्हणाले.

“अवो, खाल्ली कुठं?” चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी रंगुबाई म्हणाल्या. “देव्हाऱ्यात ठिवलीया की तुमीच. मशिन बिघाडलंय म्हणून.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ती आणलीसुद्धा. खणात गुंडाळलेली होती, वर कुंकवाचं बोट.

“आणखी कॅसेटी आहेत घरात?”

“न्हाय. ही येकच.”

“तुम्ही सोमवारी मालिका पाहिलीत, बाई?”

“सत्तर माणसांचा च्या कोण करणार? मी चुलीपाशी. आन् मला न्हाय आवडत तसलं, मारामारीचं. मी आमचं तेवढं बघती.” हे बोलून त्या आत गेल्या.

बुद्धघोषांनी खण बाजूला करून कॅसेट फिरवून पाहिली. पाठीच्या कडेला एक छोटी चौकोनी खाच होती आणि तिच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी. त्यांनी खण पुन्हा नीट गुंडाळला. खिळ्यावर एका मुलीचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. संभाजीनं मनात नोंद केली : यंत्रांची पूजा दसऱ्याला करतात, हे लोक मार्चमध्ये करतात. संशयास्पद.

बाहेर आल्यावर बुद्धघोष गाडीला टेकले.

“उलगडा झाला ना, सर?”

“झाला. झाला नसता तर बरं होतं.”

*

शनिवारी सकाळी संभाजीनं बारामती ते कोरडेवाडी हा सगळा रस्ता मागच्या सीटवर भाड्याचा रंगीत टीव्ही कवटाळून काढला. अंगणात सगळं गाव होतं. ग्रामसेवक खुर्चीवर, साखरबाई दाराच्या चौकटीशी.

बुद्धघोष आधी आबासाहेबांजवळ गेले. “तुम्ही सांगता, का मी सांगू?”

आबासाहेबांनी जमिनीकडे पाहिलं.

“सायेब, नगं,” साखरबाई म्हणाली. “माझं चाललंय. खुनी तर खुनी.”

“बाई, आज तुमच्या हातचं मूल खात नाही. उद्या तुमच्याकडे बघणार नाही.” मग ते गावाकडे वळले. “मालिका आठला संपते. तुमची लाईट आठला पाच कमी असताना गेली. म्हणजे शेवटची पाच मिनिटं भरलीच गेली नाहीत. त्या पाच मिनिटांत कुणाचंही नाव नाही. मी विचारून आलोय. मग दिवा गेल्यावर तुम्ही पाहिलं ते काय? मालिका जिथं थांबली तिथून पुढं कॅसेटवर आधीचं जे होतं, ते.”

“आधीचं म्हंजी?” शकुबाई.

“साखरबाईंचे दोन्ही दात आहेत, म्हणजे दिवाळीच्या आधीचं. मागं वाजंत्री आहे. हातात सुरा आहे.” त्यांनी खूण केली. संभाजीनं रंगीत टीव्ही त्या न बिघडलेल्या व्हीसीआरला जोडला, कॅसेट पुढं नेऊन तिथंच थांबवली.

पडद्यावर साखरबाई आली. पिवळ्या हातांची, डोळे भरलेली. हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. हिरवं, देठासकट.

अंगणातली माणसं पुढं सरकली. प्रत्येकानं आपल्या घरच्या नवरदेवाच्या हातात ते लिंबू पाहिलं होतं.

“काळ्यापांढऱ्यात लिंबाचा डोळा झाला,” बुद्धघोष म्हणाले. “नवरदेव हात धुवायला गेला, म्हणून शेजारणीनं घटकाभर कट्यार धरली. ज्या घरात रंगीत टीव्ही नाही, त्या घरात व्हीसीआर का घेतात? एका कॅसेटसाठी, आणि ती असते देव्हाऱ्यात. व्हिडिओवाले लग्नाच्या कॅसेटचा कोपरा मुद्दाम मोडून देतात, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरलं जात नाही. या कॅसेटचा मोडका कोपरा कुणीतरी बुजवला आहे.”

“मोडलं व्हतं,” आबासाहेब एकदम म्हणाले. आवाज विहिरीतून यावा तसा. “मशिन घेईना. मला वाटलं, मोडलंय म्हणून घेईना. म्हणून पट्टी लावली. अन् मला वाटलं, वही असती तसं आसंल. भरलं पान सोडून फुडं लिवील. व्हिडिओवाल्यानं शिकवलं व्हतं, बघून झालं का उलटी फिरवून पयल्यापास्नं गुंडाळून ठेवायची. मी दर बारीला गुंडाळली वो. नेमानं.”

“सोमवारी पहिल्याच क्षणी लग्नाच्या जागी मालिका लागली, तेव्हा तुम्हाला कळलं. म्हणून अख्खा भाग उभ्यानं काढलात.”

आबासाहेबांनी मान हलवली. संभाजीला त्या वेळी फोटोतली मुलगी कळली. शेजारी कुणीतरी कुजबुजलं, आबासाहेबांची छकुली, दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. उशिरा कळलं, आणि या वेळी बरोबर कळलं.

“साखरबाईंना वाजंत्रीवरूनच समजलं होतं,” बुद्धघोष हळू म्हणाले. “बोलल्या असत्या तर त्या सुटल्या असत्या, आणि रंगुबाईंना कळलं असतं. छकुलीला यांनीच खेळवलं होतं, नाही का?”

साखरबाईनं पदर तोंडाशी नेला.

रंगुबाई चुलीपासून कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “सगळी गेली?”

“शेवट राहिलाय, बाई. लाईट गेली म्हणून राहिला.”

लावला. जेवणावळ उठत होती. बँडवाला घाम पुसत होता. पाठवणी झाली. शालू नेसलेली एक मुलगी जीपकडे गेली, वाकून आत चढली, जीप गेली. सगळं पाठीमागून. एकदाही तिनं वळून पाहिलं नाही. तोंड पहिल्या पंचवीस मिनिटांत होतं.

रंगुबाई पडद्यापाशी गेल्या आणि काच बाजूनं, कडेनं बघू लागल्या, जणू थोडं वाकलं तर पुढून दिसेल.

बऱ्याच वेळानं त्या साखरबाईला म्हणाल्या, “येडे, मला सांगायचं की गं.” आणि तिच्या शेजारी बसल्या. आबासाहेबांकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही.

मागून कुणीतरी विचारलं, “मंग खुनी कोण?”

“डॉक्टर,” संभाजी म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

ग्रामसेवकांनी नोटीस परत घेतली आणि शेरा मारला : ‘गावात खुनी आढळून आला नाही.’ शकुबाईचं म्हणणं, नक्की कळेपर्यंत साखरबाईलाच ठेवायला काय हरकत होती. पण सोमवारी अंगणवाडीत पोरं आली. पहिलं शकुबाईचंच नातवंड होतं. भूक त्याला मालिकेपेक्षा जास्त कळत होती.

शनिवारी निघताना रंगुबाईंनी संभाजीला थांबवलं. त्याचं अक्षर चांगलं आहे, असं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला, आणि शेवटी एका कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यानं त्यांचा अंगठा घेतला. बारामतीला येऊन त्यानं त्या कागदावर ते सरकारी भाषेत बसवलं, पाकिटावर तिकीट लावलं आणि बुद्धघोषांनी काही विचारायच्या आत पेटीत टाकून आला.

प्रति,
मा. केंद्र संचालक, दूरदर्शन केंद्र, मुंबई.

विषय : ‘तेरावं दार’ मालिकेचा शेवटचा भाग परत घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त भाग आमच्या कॅसेटमध्ये आमच्या मुलीच्या अंगावर पडला आहे. भागात खुनी कोण हे सांगितलेले नसल्याने तो आमच्या उपयोगाचा नाही. तरी आपण आपली माणसे पाठवून सदर भाग वरून अलगद काढून न्यावा व खालची मुलगी होती तशी मोकळी करून द्यावी, ही नम्र विनंती. घाई नाही. कॅसेट आम्ही पहिल्यापासून गुंडाळून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
रंगुबाई आबासाहेब कोरडे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)