ताईबाईचा डॉक्टर

तुझ्या सासऱ्यांसाठी हृदयाचा डॉक्टर कुठला गाठावा, असं विचारलंस. सांगते. पण आधी हे ऐकून घे, आणि मधे बोलू नकोस.

अडुसष्ट-एकोणसत्तरचा सुमार असेल. वैशाख होता. चोपड्याला आमचे केळीचे मळे होते, दारात जीप होती, आणि घरात माझे सासरे झुलाल आबा होते. त्या घरात चूल कधी पेटवायची तेसुद्धा आबा ठरवत. एका सकाळी केळीला पाणी देता देता कौतिक बांधावर बसला आणि उठेना. कौतिक म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे; आता घेते. आता अडवायला कोणी उरलेलं नाही.

त्याला उचलून ओसरीवर आणलं. गावातले गिरधर डॉक्टर आले. त्यांनी कानात नळी घातली, तिचं टोक कौतिकच्या छातीला लावलं, आणि ऐकता ऐकता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्ही खोकलात का?"

"नाही."

त्यांनी नळी काढली, रुमालाने पुसली, पुन्हा लावली. या वेळी बराच वेळ ऐकलं. मग नळी गुंडाळून बॅगेत कोंबली.

"जळगावला न्या. आजच," ते म्हणाले. "मला... नीट ऐकू येत नाही."

आबा पुढे झाले. "बठ्ठासमा मोठा डाक्टर कोन शे, त्यानंच नाव सांगा. पैसाकडे देखू नका."

हे शब्द माझ्या कानावर पडले आणि हातातला पाण्याचा तांब्या मी फरशीवर आपटला. सगळ्यांना वाटलं, घाबरले. घाबरले नव्हते. माझ्या डोक्यात जाळ उठला होता.

कारण त्याच ओसरीवर, दोन वैशाखांमागे, माझी सख्खी थोरली बहीण बसल्या बसल्या मेली होती. ताईबाई. मी तिला अक्का म्हणायची. ती कौतिकची पहिली बायको. लहानपणी तापात तिचे सांधे सुजले, आणि तेव्हापासून हृदयात खोट राहिली. लग्नानंतर दम लागायला लागला. विहिरीवरून घागर आणली की भिंतीला टेकायची. पुढे पुढे तिला आडवंच होता येईना. पाठ टेकली की गुदमरायची, म्हणून रात्रंदिवस उशांना टेकून बसून राहायची आणि खोकायची. याच गिरधर डॉक्टरांनी तेव्हा आबांना सांगितलं होतं, हिला हृदयाच्या डॉक्टरला दाखवा, ऑपरेशनने बरी होते. आबा हसले होते. "बाई माणूसले काय हृदयना डाक्टर? दम तर म्हशीलेबी लागस." कौतिक शेजारीच बापाच्या हो ला हो करत उभा होता. त्याने मान हलवली. जीप तेव्हाही दारातच होती. ती लग्नांना जायची, बाजाराला जायची, पाहुण्यांना सोडायला भुसावळच्या स्टेशनापर्यंत जायची. अक्काला मात्र सांगायचे, केळी उतरू दे, मग जाऊ. केळी उतरली, आणि मग दुसरी लागली. एका दुपारी घर झोपलेलं असताना ती गेली.

वर्ष सरायच्या आत बापाने मला तिच्या जागी दिलं. तीच पेटी, तीच पातळं, तोच नवरा. मला कोणी विचारलं नाही.

आणि आता म्हणे, बठ्ठासमा मोठा, सगळ्यांत मोठा डाक्टर.

निघालो. आमचा सुकदेव जीप चालवत होता, पुढे आबा, मागे कौतिक आणि मी. जळगावच्या डॉक्टरांकडे मोठं यंत्र होतं. त्यांनी कौतिकच्या हातापायांना पट्टे बांधून कार्डिओग्राम काढला. कागदाची लांब पट्टी निघाली, ती त्यांनी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. आबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी नळी लावली.

"लहानपणी तुमचे सांधे सुजले होते का?"

"नाही," कौतिक म्हणाला.

"झडप अरुंद झाल्यासारखा आवाज येतोय. असला आवाज आम्हाला जास्त करून बायकांच्या छातीत सापडतो. पण मग पट्टीवर का नाही..." ते थांबले आणि त्रासून आमच्याकडे वळले. "तुमच्यापैकी जे कोणी खोकतंय ना, त्यांनी जरा बाहेर जा."

खोलीत आबा होते आणि मी होते. कोणीही खोकलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली नाही. धुळ्याला मोतीलाल डॉक्टर आहेत, मुंबईला शिकून आलेत, हृदयाचंच पाहतात, त्यांच्याकडे जा, एवढं बोलून त्यांनी हात धुवायला घेतले. कितीतरी वेळ धूत होते.

धुळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तुला खान्देशातलं वैशाखाचं ऊन माहीत आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. झाडांच्या सावल्यासुद्धा बुंध्याला चिकटून बसतात. एरंडोल गेलं, पारोळा गेला. कौतिक समोरची दांडी धरून ताठ बसला होता. मी म्हटलं, माझ्या मांडीवर डोकं टेका. त्याने मान हलवली.

"आडं व्हता येत नही," तो अगदी हळू म्हणाला, पुढे बसलेल्या बापाला ऐकू जाऊ नये असं. "मी पडनू का, ती उठी बसस."

"कोण?"

"मन्हा छातीमा... ती उठी बसस."

जीपमध्ये ओव्याचा वास सुटला होता. अक्का दम लागला की निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी घ्यायची. जीपमध्ये ओवा नव्हता, निखारा नव्हता, चहूबाजूंनी नुसती उन्हाची लू आत घुसत होती. तरी वास येत होता, आणि तो कौतिकच्या श्वासाला येत होता.

मोतीलाल डॉक्टरांच्या दवाखान्यात वाळ्याचे ओले पडदे सोडलेले होते. आत अंधार, गारवा, आणि पंख्याची घरघर. डॉक्टर वयस्क, किडकिडीत. त्यांनी कौतिकला टेबलावर बसवलं, डोळे मिटले आणि ऐकू लागले. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली, आणि तोंड उघडंच राहिलं.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "ताईबाई तुमची कोण?"

पंखा फिरत होता. आबा खुर्चीतून अर्धे उठले.

"तुम्हाला... कसं माहीत?" मी विचारलं.

"आखाजीच्या सणाला माहेरी आली होती, म्हणाली." डॉक्टरांनी आता डोळे उघडले. "माहेर धुळ्याजवळच कुठं तरी आहे ना? बांगड्या भरायच्या निमित्ताने निघाली, आणि एसटीतून उतरून विचारत विचारत इथे आली. एकटी. खेड्यातली बाई स्वतःसाठी हृदयाचा डॉक्टर शोधत आलेली मी तेवढी एकच पाहिली. मी सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये, मुंबईला पाठवतो, तू जगशील. आणते म्हणाली." त्यांनी नळीच्या टोकाकडे पाहिलं. "प्रत्येक छातीचा आवाज वेगळा असतो, बाई. तिचा मी विसरलो नव्हतो. तोच आहे हा. यांच्यात तो आला कुठून?"

मी कौतिककडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"तिनं सांगितलं होतं?" मी विचारलं. "धुळ्याला डॉक्टर शोधून आले, चला माझ्यासोबत, असं सांगितलं होतं तिनं तुम्हाला?"

"सांगं व्हतं," तो म्हणाला. "मी आबाले ईचारं..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. माझी बहीण दम कोंडणारी छाती घेऊन एसटीत बसली, अनोळखी गावात दारोदार विचारत फिरली, आपला डॉक्टर आपण निवडून आली. तिला फक्त सोबत हवी होती. आणि याने जाऊन बापाला विचारलं!

"हाऊ डाक्टर येडा शे!" आबा ओरडले. त्यांचा आवाज मात्र चिरकला होता. "ऊठ कौतिक. आपू इंदूरले जाऊ. तठे मोठा डाक्टर शे." आणि ते पडदा बाजूला करून बाहेर, व्हरांड्यातल्या बाकाकडे गेले. सुकदेवला हाका मारू लागले.

मी डॉक्टरांपुढे हात केला. "मला ऐकू द्या."

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मला वाटतं, आणखी कोणीतरी ऐकावं असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी नळी माझ्या कानात घातली.

आधी नुसती सळसळ ऐकू आली, केळीची वाळकी पानं वाऱ्यावर घासतात तशी. मग ठोके. धावत आलेले, मधेच अडखळलेले. मग खोकला. तो खोकला मी, अक्का माहेरी आली की, एका गोधडीत झोपून ऐकला होता. खोकला थांबला. आणि खूप आतून, उशांना टेकून बसलेल्या माणसाच्या थकलेल्या आवाजात...

"वच्छी... गाडी उनी का वं?"

मला हाक मारून, गाडी आली का, विचारत होती. अजून विचारत होती.

मला भीती वाटायला हवी होती. पण आत जे उसळलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. मी नळी काढून फेकली. कौतिकचा सदरा दोन्ही हातांनी बाजूला केला आणि त्याच्या छातीला तोंड लावून बोलले, दाराच्या फटीतून आतल्या माणसाशी बोलावं तशी.

"अक्का, इथे काय बसलीस? याने नुसती मान हलवली. नाही म्हणणारा बाहेर बाकावर बसलाय."

कौतिकने एकदाच जोरात श्वास घेतला. इतका मोठा, की टेबल हललं. मग तो हळूहळू मागे कलंडला आणि टेबलावर आडवा झाला. त्याला झोप लागली होती. डॉक्टरांनी खाली पडलेली नळी उचलून त्याच्या छातीला लावली.

"साधा आवाज आहे," ते पुटपुटले. "याचा स्वतःचा आहे."

पडद्याबाहेर आबांच्या हाका थांबल्या होत्या. मग बाहेरून खोकला ऐकू आला.

इंदूरला कोणी गेलं नाही. संध्याकाळच्या आत आम्ही चोपड्याला परतलो. कौतिक वाटभर झोपला. आबा पुढच्या सीटवर ताठ बसून होते, आणि घरी आल्यावर ओसरीवरच्या खुर्चीत तसेच ताठ बसले. त्या दिवसापासून ते आडवे झाले नाहीत.

गिरधर डॉक्टर आले की आबा दोन्ही हातांनी छाती झाकून घेत. नळी जवळ आणू देत नसत. कौतिक रडायचा, पाया पडायचा. मी रडले नाही. मी रोज त्यांच्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "आबा, कोणता डॉक्टर आणू? जळगावचा आणू? धुळ्याच्या डॉक्टरांनी तर तुमच्या पहिल्या सुनेलाही तपासलंय, त्यांना आणू? की मुंबईचा? तुम्ही नाव सांगा. जीप दारात आहे."

आधी ते मला शिव्या द्यायचे. मग नुसते बघायचे. एकदा भर दुपारी मी असंच विचारत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात पूर्वीचा जोर नव्हता. ओठ निळे पडले होते.

"हाळू बोल," ते म्हणाले. "हाळू... ती आयकस."

"मग ऐकू द्या की," मी म्हणाले, आणि हात सोडवून घेतला. मला दया आली का? नाही आली. आजही येत नाही.

पाऊस यायच्या आधीच एका दुपारी ते खुर्चीत गेले. हाक मारली तर ओ नाही, आणि माशी डोळ्यावर बसली तरी पापणी हलेना. लोक जमले. आबांना खुर्चीतून काढून ओसरीवर घोंगडीवर निजवलं. कितीतरी दिवसांनी ते शरीर आडवं झालं होतं. अंगणात बांबू आले, कोणी सुतळी वळू लागलं, कोणी मडकं आणायला धावलं. खात्री करायला गिरधर डॉक्टरांना बोलावलं. आता छाती झाकायला हात उठणार नव्हते. त्यांनी नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली, आणि शेवटी नळी लावली.

ती त्यांनी काढलीच नाही. ऐकत राहिले. मी शेजारीच बसले होते.

"गेले ना?" कौतिकने विचारलं.

"आबा गेले," डॉक्टर म्हणाले. "मघाशीच गेले. अंग गार आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण... इतक्यात उचलू नका."

मी खाली वाकले. आबांच्या सदऱ्यावर कान टेकला. कापडातून कातडीचा गारठा लागत होता. आत ठोके होते. धावणारे नव्हते, अडखळत नव्हते. खोकला नव्हता. अक्काचा संथ श्वास चालू होता, उशा नसल्या तरी चालतील असा, अगदी आडवं पडून गाढ झोपलेल्या माणसाचा.

अंगणातून कोणीतरी ओरडलं, "चला, ऊन उतरलं. उचला."