खोटा आरोपी

"तुमच्यावर गुन्हा कशाचा आहे ओ?"

उमरग्याच्या कोर्टाच्या आवारात, बाकावर बसलेल्या एका अनोळखी पोराला शिवकन्येनं हे सरळ विचारलं होतं! चार वर्षं झाली त्या गोष्टीला. आठवलं की बाईसाहेब अजून एकट्याच हसतात. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. समाजशास्त्र आणि फौजदारी न्याय शिकायला विद्यापीठात जायचं होतं. अर्जासोबत एका आरोपीशी बोलून लिहिलेलं टिपण हवं होतं, आणि वडिलांनी बजावलं होतं, "यंदा नंबर लागला तर जा, न्हायतर स्थळं बघतो." सगळी भिस्त त्या टिपणावर.

पोरगा तिच्याकडं बघतच राहिला. "चोरीचा," तो म्हणाला.

"काय चोरलं?"

"शेळी... दोन शेळ्या."

"पश्चात्ताप होतो?"

"आत्तापर्यंत नव्हता... आता व्हायलाय."

नंदीश त्याचं नाव. पुढच्या दोन तारखांना त्याच्या कबुलीत शेळ्यांमागं बैलही चोरीला गेला! पावसाची भुरभुर आली की बाकाची कोरडी बाजू तिला देऊन तो स्वतः भिजत बसायचा. त्याच्या हातांना टायरचा वास यायचा... तो वास तिला आवडायला लागला होता. हे काही तिनं वहीत लिहिलं नाही.

चौथ्या खेपेला पट्टेवाल्यानं पुकारा केला, "पंच नंदीश कल्याणप्पा!" ती चमकलीच. पंच? चोरी भलत्यानंच केली होती. पोलिसांनी याला हायवेवरच्या टायरच्या दुकानातून नेऊन पंचनाम्यावर सही घेतली होती, तेव्हापासून तीन वर्षं बिचारा साक्षीसाठी खेटे घालत होता.

साक्ष देऊन तो बाहेर आला, तर हिचे डोळे भरलेले.

"परवा अर्जाची मुदत संपते! खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर... तुम्ही दुसऱ्या बाकाकडं गेला असता." त्यानं मान खाली घातली. "मला तुम्ही लई आवडता. टिपणाचं म्हायती नव्हतं ओ, देवाशपथ."

शिवकन्या तडक घरी गेली. सगळी पानं फाडली आणि खरं तेच लिहिलं: कळकट कपडे बघून आपणच एका साक्षीदाराला आरोपी ठरवलं! अर्ज नाकारतील या भीतीनं महिनाभर तिला घास गोड लागला नाही. पण नंबर लागला.

ती विद्यापीठाला निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीखाली तो उभा होता.

"पाच वर्षांचा कोर्स आहे," ती हळूच म्हणाली. "थांबाल?"

"कोर्टासाठी तीन वर्षं थांबलो," नंदीश म्हणाला, "अन् ते तर मला आवडतही नव्हतं."