गुलाबी अंडी

१९३८च्या हिवाळ्यात इंझोरीच्या गोजराबाईंच्या घरची अंडी बिघडू लागली. ताजे अंडे फोडले तर नेहमीसारखेच असे. कोंड्याच्या मडक्यात काही आठवडे राहिलेले अंडे फोडले, की पांढरा भाग गुलाबी आणि बलक शेवाळासारखा हिरवट निघे.

असे पहिले अंडे फुटले ते शेजारच्या सोजरबाईंसमोर. गोजराबाईंचा हात कढईवर तसाच थांबला.

"हे काय व्हय वं?"

"करणी व्हय," सोजरबाई मागे सरकत म्हणाल्या. "घरात उजवायची पोरगी हाये तुह्या. कोंबड्या पहिले घराभाईर काढ."

आणखी चार अंडी फोडली. चारही तशीच. येत्या बाजारात साऱ्या कोंबड्या विकायच्या, असे संध्याकाळपर्यंत ठरले.

हे ऐकून गोजराबाईंच्या मुलीच्या, विजयमालाच्या हातातले सूप खाली आले. कोंबड्या तिने वाढवल्या होत्या, हे एक कारण. दुसरे तिने कोणाला सांगितलेले नव्हते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिची तांबडी कोंबडी काटेरी कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या शेजाऱ्यांच्या, जगदेवरावांच्या गोठ्याकडे गेली होती. विजयमाला तिच्यामागून वाकून पलीकडे निघाली आणि उभी राहिली, तर समोर एक अनोळखी तरुण. कोंबडी त्याच्या काखेत. म्हशी सांभाळायला रिसोडहून आलेला तो जगदेवरावांचा भाचा, इंद्रभान.

"तुमच्या घरी हिले दाणे भेटत नाहीत काय?"

"दाणे भेटतात. अक्कल भेटली नाही तिले."

"मंग तिच्या मांगं येणारीले?"

तिने कोंबडी ओढून घेतली. फटीशी पोचेपर्यंत तिने मागे पाहिले नाही... मग पाहिले.

"केसात कापूस हाये," तो म्हणाला. हात मात्र त्याने पुढे केला नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीच्या आधी कोंबड्या पलीकडे जात आणि रोज विजयमाला त्यांना आणायला जाई. कोंबड्या विकल्या, तर पलीकडे जाण्याचे निमित्तच उरणार नव्हते.

एकच कोंबडी कधी कुंपणापलीकडे गेली नव्हती — लंगडी. ती जात्यामागे अंडी घाली, म्हणून तिची अंडी वेगळ्या गाडग्यात राहत. विजयमालाने त्यातले सर्वांत जुने फोडले. पांढरे पांढरेच होते, पिवळे पिवळे. करणी घरावर असती, तर करणीने लंगडीला वगळण्याचे कारण नव्हते. फरक एवढाच, की लंगडी पलीकडे जात नव्हती.

बाजाराच्या आदल्या दिवशी विजयमाला कोंबड्यांच्या आधीच पलीकडे गेली आणि तुराट्यांच्या ढिगाआड उभी राहिली. थंडीत भिजल्या सरकीचा, म्हशींसाठीच्या कापसाच्या बियांचा, वास जड झाला होता. इंद्रभान आला. म्हशीच्या टोपल्यातली मूठभर सरकी त्याने कुंपणाकडेने पसरली आणि हळूच हाक घातली. कोंबड्या धावत आल्या. मग टोपले घेऊन तो म्हशीपाशी, काही ठाऊक नसल्यासारखा, फटीकडे पाहत बसला.

"आज उशीर करून राह्यली," तो म्हशीला म्हणाला.

"उशीर नाही केला," विजयमाला ढिगाआडून म्हणाली.

त्याच्या हातातले टोपले पडले.

"कवापासून चालू हाये हे?"

"दिवाळीपासून. पहिली कोंबडी आपसुक आली होती... बाकीच्या नाही."

तिने अंड्यांचे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. "सरकीनं? म्हशीले तं काही होत नाही."

"म्हैस अंडी देत नाही. उद्या विकतात त्यायले. मायले सांगा."

"सरकी टाकली म्हणून सांगतो. पण काहून टाकली, हे बी इचारतीन त्या."

"इचारतीन," ती म्हणाली. डोळे खाली, पण वाटेतून हलली नाही.

त्या संध्याकाळी कुंपणाची फट प्रथमच तो ओलांडून आला. विजयमालाने आईसमोर दोन अंडी फोडली — लंगडीचे आणि तांबडीचे, दोन्ही जुनी. एक पिवळे, एक गुलाबी-हिरवे.

"सरकी मी टाकत होतो, मावशी," इंद्रभान म्हणाला.

"कायले?"

तो जमिनीकडे पाहत — "कोंबड्या आल्या का... विजयमाला येते."

गोजराबाई ओट्यावर बसल्या. अंड्यापेक्षा हा धक्का मोठा होता. त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलगी लंगडीकडे पाहत होती.

"कोंबड्या राहू दे," त्या म्हणाल्या. "अन् तू... आता एकटा नको येऊ. मामाले संगं आणजो. अन् उद्यापासून ज्वारी टाकजो त्यायले."

इंद्रभानने ज्वारी टाकली. दुसऱ्या दिवशी जगदेवराव सोयरिकीचे बोलायला आले. संक्रांतीनंतर मडक्यात ठेवलेली अंडी पुन्हा पिवळीच निघू लागली, तरी सोजरबाई ती घेण्याआधी एक फोडून पाहतच.

सरकीतले काही पदार्थ कोंबडीच्या पोटातून अंड्यात उतरतात आणि अंडे राहिले, की रंग पालटतात. अंडी बिघडण्याचे कारण तेवढेच. सरकी इंद्रभान टाकत होता. त्याचे कारण विजयमाला.