अंजनामावशीचं कुंकू

वीरभद्रअप्पाला तुम्ही सगळे ओळखता. माजलगावात धान्याच्या मोंढ्याच्या वाटेवर त्याचं छपाईचं दुकान आहे. ही गोष्ट घडली तेव्हा तुम्ही पोरं पहिली-दुसरीत असाल. सन दोन हजार दोन, मार्चची एकवीस तारीख, गुरुवार. अप्पा काही थापा मारणारा माणूस नाही.

त्या दिवशी संध्याकाळी रामेश्वर एक फोटो घेऊन आला. त्याची थोरली भावजय अंजना वारून वर्ष होत आलं होतं. प्रथम पुण्यस्मरणाच्या शंभर रंगीत पत्रिका त्याला सकाळपर्यंत हव्या होत्या.

“अप्पा, फोटोतलं कुंकू तेवढं काढा,” तो म्हणाला. “विधवा बाई. लोकं नावं ठेवतील.”

आता ही अंजना कोण, तर वीस वर्षं अप्पाच्या घरी दूध घालणारी. नवरा सटवा, म्हणजे रामेश्वरचा थोरला भाऊ, गेला त्या दिवशी बायका तिचं कुंकू पुसायला आल्या. तिनं त्यांना उंबऱ्यातूनच परत धाडलं. “धनी गेला. कपाळ माझंच हाय न्हवं?” म्हणाली. भावकीनं बोलणं टाकलं, तरी मरेपर्यंत ती कुंकू लावायची. हे सगळं अप्पाला ठाऊक होतं. तरी गिऱ्हाइकाशी हुज्जत कशाला, म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत ते पुसून टाकलं.

पण प्रिंटर साथ देईना. औरंगाबादहून जुनाच आणलेला रंगीत लेझर, आठवडाभर रंग फिकेच पडत होते. अप्पानं चारही रंगांचे टोनर काढून आडवे हलवले. आतली धूळ कोरड्या फडक्यानं टिपली. दमट कागद बदलून कोरा गठ्ठा लावला. टोनर वाचवायची सेटिंग बंद केली. तरी मावशीचं हिरवं लुगडं राखेसारखंच निघालं.

रात्री साडेनऊला त्यानं पुन्हा एक पत्रिका काढली.

सगळी फिकी. कपाळावर मात्र कुंकू... ठसठशीत, लालभडक.

अप्पानं पडद्यावर पाहिलं. कपाळ मोकळं होतं. पुन्हा काढली. पुन्हा कुंकू.

अप्पाही हट्टाला पेटला. “बघतोच बे तुला,” तो यंत्राला म्हणाला. लाल उठवणारा मॅजेंटा टोनरच उपसून त्यानं टेबलावर ठेवला. एक टोनर नसला की ते यंत्र जागचं हलत नाही.

ते हललं.

कागद आला. हळू... खालून वर. आधी पदर. मग हनुवटी. डोळे.

कुंकू.

अप्पानं मान वर केली. दुकानात कुणी नव्हतं. तरी कुणीतरी उभं होतं... काउंटरच्या पलीकडं. दूध घालायला उभं राहावं तसं.

 

मग त्याला भीतीपेक्षा लाज वाटली. सगळ्या भावकीला जे पुसता आलं नाही, ते आपण बसल्या बसल्या पुसलं.

“मावशी,” तो म्हणाला, “माझं चुकलं. आता कुणी येऊ द्या, मी न्हाई पुसत.”

त्यानं मूळ फोटो लावला. शंभर पत्रिका निघाल्या. लुगडं हिरवंगार, कुंकू लाल. लाल टोनर टेबलावरच होता.

सकाळी रामेश्वर आला आणि पत्रिका बघून भडकला. “कावून ठेवलं हे? पुसा म्हनलं होतं ना?”

“ती ठेवून गेली, मी ठेवलं,” अप्पा म्हणाला. “पुसायचं तर तू पूस.”

रामेश्वरनं थुंकी लावून उजवा अंगठा फोटोवर घासला. लई घासला. पत्रिकेला काही झालं नाही. अंगठा मात्र लाल झाला.

साबण झाला, रॉकेल झालं, बीडचा डॉक्टरही झाला. जखम नाही, दुखत नाही. आता पाच वर्षं होतील. बाजारात भेटला तर बघा, अंगठ्याला चिंधी असते. सकाळी पांढरी बांधतो.

दुपारपर्यंत ती लाल होते.