निळ्याचा दगड

चष्मेवाल्याचं डोकं मागून फुटलं होतं, आणि एका घावात नव्हे. माशांच्या टाकीसमोर तो पालथा पडला होता. रक्त फरशीवर सांडलेल्या पाण्यात मिसळून पार सोफ्याखाली गेलं होतं. फौजदारबाई पोहोचल्या तेव्हा जिन्यात शेजारी त्याच्या मुलाला तुडवत होते.

मुलाला त्यांच्या हाती दिलं होतं आईनेच. ती कामावरून आली, तर मुलगा बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, रक्ताने माखलेला. सकाळीच बापलेकांची जुंपली होती आणि मुलाने हात उगारलेला तिने पाहिला होता. “मारलंस ना शेवटी?” ती किंचाळली. पुढचं काम जिन्यातल्या लोकांनी केलं.

हवालदाराने मुलाला सोडवून आत आणलं. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. आपण आलो तेव्हा बाबा असेच पडले होते, एवढंच त्याने सांगितलं. बेड्या घालून मोकळं व्हावं, असं हवालदाराचं मत पडलं. पण मारलं कशाने? घर पालथं घातलं तरी हत्यार सापडेना.

टाकीतही खूनखराबा चालला होता. एक थोराड निळा मासा पिवळ्याच्या हात धुऊन मागे लागला होता. शेपट्या कुरतडलेले दोन मासे तळाशी धापा टाकत होते. हे रोजचंच का, असं बाईंनी चष्मेवाल्याच्या बायकोला विचारलं.

आफ्रिकेतल्या तळ्यातले हे मासे मुळात मारकुटे, ती म्हणाली, पण इतके नाही. दगडांवरचं शेवाळ खरवडून ते जगतात. एखाद्या दगडावरचं शेवाळ विरळ झालं, की नवरा तो दगड बाल्कनीतल्या पाण्याच्या परातीत उन्हाला ठेवायचा आणि तिथला हिरवागार झालेला टाकीत सोडायचा.

“हे मुलाला ठाऊक आहे?”

“तो या खोलीत पाऊलही टाकत नाही. बापाला आमच्यापेक्षा मासे प्यारे, म्हणतो.”

बाई बाल्कनीत गेल्या. परातीतल्या बाकी सगळ्या दगडांवर थोडीफार हिरवी साय होती. एकच दगड उघडाबोडका होता, ब्रशने घासून काढलेला. बाईंनी तो रुमालात गुंडाळला.

तेवढ्यात दारावर घड्याळजी आला. चष्मेवाल्याचा माशांतला दोस्त. बातमी ऐकून धावलो, म्हणाला. भांडण झाल्यापासून महिनाभर इथे फिरकलोही नव्हतो. हातात प्लास्टिकची जाळीदार फळी होती. दारातून टाकी दिसत नव्हती, तरी तो म्हणाला, “आधी निळ्याला वेगळं करू द्या. नाहीतर तो सगळ्यांना मारून टाकील.”

बाईंनी त्याला खुर्ची दिली.

“ही जाळी कधी लावता?”

“दगड बदलला की. दगड म्हणजे निळ्याचं राज्य. ते हललं की तो पिसाळतो. मग दिवसभर जाळीआड ठेवावा लागतो.”

“आज दगड बदललाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

घड्याळजीने टाकीकडे पाहिलं, मग रुमालाकडे.

“मीच सांगते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही टाकीतला दगड उचलून मारला. फरशीवरचं पाणी त्याचं. मग रक्त घालवायला तो घासलात. घासलेला दगड टाकीत डोळ्यांत भरला असता, म्हणून तो परातीत गेला आणि परातीतला टाकीत. या मुलाच्या डोक्यात हे आलंच नसतं. त्याने दगड खिडकीबाहेर भिरकावला असता. पण निळा पिसाळणार हे तुम्हाला घरी जाऊनही सोसवेना.” त्यांनी रुमाल उघडला. दगडाच्या चिरेत रक्ताने चिकटलेला पांढरा केस होता.

घड्याळजी दगडावर झेपावला. हवालदाराने त्याला भिंतीवर असं आदळलं, की त्याचा दात तुटून फरशीवर पडला.

“पोटं फुगून मेली माझी पिल्लं,” तो रक्त थुंकत म्हणाला. “वाढवायला दिली होती त्याला. शेवाळ खाणाऱ्यांना लाल अळ्या चारल्या, लवकर रंग चढावा म्हणून. आणि मेलेल्यांची बादली दाखवून आज हसला.”

“किती घाव घातलेत?”

“हसणं थांबेपर्यंत.”

त्याला नेताना तो जाळीसाठी गयावया करत होता. कुणी लक्ष दिलं नाही. पिवळा मासा तोवर उलटा होऊन वर आला होता.

आई ओला टॉवेल घेऊन मुलाजवळ बसली. त्याच्या ओठावरचं रक्त पुसायला तिने हात पुढे केला. मुलाने तो हळूच बाजूला सारला.

“जिन्यातल्या लोकांचं काही नाही गं,” तो म्हणाला. “ते मला कुठे ओळखतात?”

टॉवेलमधलं पाणी आईच्या मांडीवर गळत राहिलं.